कडेच्या पेशी मोजता मोजता

पॅथॉलॉजिस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एक तर रक्त तपासणारी लॅब येते नाहीतर पोस्टमॉर्टेम. माझ्या रोजच्या कामात यातलं काहीच नाही. मी सर्जिकल पॅथॉलॉजीत आहे, म्हणजे सर्जनने काढलेला तुकडा, मग ती चिमूटभर बायोप्सी असो की हातभर आतडं, आमच्याकडे येतो आणि त्यात कॅन्सर आहे का, असला तर कुठल्या जातीचा, किती खोल गेलाय, कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथींत, शिरलाय का हे आम्ही लिहून देतो आणि पुढची ट्रीटमेंट बरीचशी त्या कागदावर ठरते. याच्या जोडीला गेली बरीच वर्षं मी ट्यूमर बायोलॉजीत संशोधन करतेय. ज्युनियर मुलं-मुली नेहमी विचारतात, मॅडम रिसर्च करता म्हणजे नक्की करता काय, स्लाइडच बघता ना? हो, स्लाइडच बघते. रिपोर्टिंगच्या वेळी मला त्या स्लाइडला एक नाव देऊन मोकळं व्हायचं असतं, रिसर्चच्या वेळी तीच स्लाइड पुन्हा काढून त्या नावात काय मावलं नाही ते शोधत बसते, एवढाच फरक.

सुरुवात ग्रॉसिंग टेबलवर झाली, म्हणजे आलेला स्पेसिमेन नुसत्या डोळ्यांनी बघून जिथे कापतात तिथे. रेसिडेन्सीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे स्पेसिमेन माझ्या वाट्याला भरपूर यायचे. आतडं उघडायचं, धुवायचं, बोर्डवर पिनांनी ताणून टिश्यू सडू न देणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचं, नीट फिक्स झालं की ट्यूमर सगळ्यात खोल जिथे गेल्यासारखा वाटतो तिथले तुकडे घेऊन कॅसेटमध्ये घालायचे, आणि मग सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे आतड्याला चिकटलेल्या चरबीत बोटांनी चाचपत लिम्फ नोड शोधायचे. किमान १२ तरी मिळायला हवेत असा दंडक आहे, कारण थोडेच नोड तपासले तर जिथे कॅन्सर पोचलाय नेमका तोच राहून जाऊ शकतो आणि स्टेज खरी आहे त्यापेक्षा कमी लिहिली जाते. वैताग यायचा पण हात तयार झाला तो तिथेच, अजूनही चरबीतला दोन मिलिमीटरचा नोड मला डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतो.

तर मला खटकायचं ते हे. स्टेज दोनचे पेशंट, म्हणजे ट्यूमर आतड्याच्या भिंतीतून पलीकडे गेलाय पण नोड सगळे स्वच्छ. रिपोर्टवर दोघांची ओळ न ओळ सारखी. एक जण पुढे कित्येक वर्षं फॉलोअपला हसत येतो आणि दुसऱ्याच्या लिव्हरमध्ये वर्ष-दोन वर्षांत गाठी. आम्ही लिहिलेल्या रिपोर्टमध्ये या दोघांना वेगळं करणारं काहीच नसायचं, आणि मला वाटायचं की असं होऊच शकत नाही, स्लाइडवर कुठेतरी असणार, आपण बघत नाही आहोत किंवा बघतोय पण लिहीत नाही आहोत. मग फाइल रूममधून जुन्या स्लाइड काढून बघायचं वेडच लागलं.

आणि दिसायला लागलं. ट्यूमरच्या मध्यभागी बऱ्यापैकी शहाण्यासारख्या ग्लँड असतात, गोल लंबगोल पोकळ्या, भोवती पेशींची रांग. पण ट्यूमर जिथे आत घुसतोय त्या पुढच्या कडेला काही केसमध्ये ही रचना मोडते आणि एकेकट्या किंवा दोन-तीनच्या घोळक्याने पेशी सुट्या होऊन स्ट्रोमात, म्हणजे ट्यूमरच्या आजूबाजूच्या आधार देणाऱ्या टिश्यूत, शिरलेल्या दिसतात. लो पॉवरवर तिथे नुसतं मळकट वाटतं, सूज आहे म्हणून सोडून द्याल, हाय पॉवरवर गेलात की एकेक पेशी दिसते, गुलाबी साइटोप्लाझम, मोठा वेडावाकडा न्यूक्लियस, बाजूला कोणी नाही. वाईट वळणाच्या केसमध्ये हे जास्त दिसतंय असं मला वाटायचं.

अर्थात मी काही नवीन शोधलं नव्हतं. जपानमध्ये इमाई यांनी १९५० च्या दशकातच हे टिपलं होतं आणि पुढे याला ट्यूमर बडिंग हे नाव पडलं. माझ्या गाइड मॅडमकडे मी मोठ्या उत्साहाने गेले तेव्हा त्यांनी स्लाइड बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, "दिसतंय. आता मोज. आणि तू मोजलंस की मी मोजते, तुला न विचारता." थिसीसचा विषय ठरला आणि मला वाटलं होतं की सहा महिन्यात उरकेल, कसलं काय.

मोजणं म्हणजे किती कटकट असते हे बाहेरच्या माणसाला पटवून देणं अवघड आहे. एक सुटी पेशी म्हणजे बड, ठीक. दोन चिकटलेल्या? पाच असतील तर? पेशीचा न्यूक्लियस त्या सेक्शनमध्ये आलाच नाही, नुसता साइटोप्लाझमचा तुकडा आहे, तो धरायचा का? मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) आणि सुजलेले फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) कधीकधी हुबेहूब कॅन्सरच्या पेशीसारखे दिसतात. जिथे सूज येऊन ग्लँड फुटलीये तिथे तिचे तुकडे विखुरलेले असतात, ते बड नव्हेत पण दिसतात तसेच. आम्ही दोघींनी एकाच स्लाइडचे आकडे स्वतंत्र लिहिले आणि कपा काढला, कपा म्हणजे निव्वळ योगायोगाने जेवढं जुळलं असतं ते वजा करून दोघांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा, पूर्ण जुळलं तर १ आणि योगायोगापेक्षा काहीच जास्त नाही तर ०. आमचा अर्ध्याच्याही खाली आला. दोघी रोज शेजारी बसून रिपोर्ट सही करणाऱ्या, निदानावर क्वचित मतभेद होणाऱ्या, आणि मोजायला लागल्यावर ही गत.

मग डबल-हेडेड मायक्रोस्कोपवर समोरासमोर बसून एकेक फील्ड भांडत भांडत बघितलं. त्यात एक मजेशीर गोष्ट निघाली. माझ्या मायक्रोस्कोपचा आयपीस २२ फील्ड नंबरचा आणि मॅडमचा २० चा. ऑब्जेक्टिव्ह दोघींचा २०एक्सच, पण माझ्या एका फील्डचं क्षेत्रफळ ०.९५० चौरस मिलिमीटर आणि त्यांच्या फील्डचं ०.७८५. म्हणजे मला तेवढ्याच स्लाइडवर एकवीस टक्के जास्त जागा दिसत होती आणि आम्ही दोघी आपापलं "एका फील्डमध्ये इतके" असं लिहीत होतो. जुने पेपर काढून बघा, "दर हाय पॉवर फील्डला" एवढंच लिहिलेलं असतं, फील्ड केवढं ते नाही. मायटोसिस, म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशी, मोजण्यातही हाच घोळ कित्येक वर्षं चालला होता.

यातून मार्ग निघाला तो २०१६ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जगभरचे लोक जमले आणि बडिंग कसं मोजायचं यावर एकमत झालं. व्याख्या अशी की सुटी पेशी किंवा जास्तीत जास्त चार पेशींचा घोळका. मोजायचं साध्या एच अँड ई, म्हणजे हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रोजच्या निळ्या-गुलाबी रंगांच्या, स्लाइडवर, पुढच्या कडेला दहा फील्ड चाळून सगळ्यात जास्त बड असलेली एकच जागा निवडायची, क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर धरायचं, तुमचा आयपीस वेगळा असेल तर ठरलेल्या आकड्याने भागायचं. ० ते ४ लो, ५ ते ९ इंटरमीजिएट, १० किंवा जास्त हाय. वाचायला अगदी रुक्ष वाटतं पण मला तो कागद वाचून जो आनंद झाला तो मी घरच्यांना समजावू शकले नाही.

आता हे सगळं एच अँड ईवर का, आयएचसी करून, म्हणजे अँटीबॉडी वापरून, सायटोकेरॅटिन हे ग्लँडच्या पेशींतलं प्रोटीन पकडून पेशी तपकिरी रंगवल्या तर सोपं नाही का? दिसायला नक्कीच सोपं. पण केरॅटिन रंगवलं की मेलेल्या पेशींचा कचरा, न्यूक्लियस नसलेले तुकडे सगळंच तपकिरी होतं आणि आकडा कितीतरी पटीने फुगतो, मग एच अँड ईवर ठरवलेले कटऑफ त्याला लावता येत नाहीत. आम्ही केरॅटिन फक्त शंका असेल तिथे वापरतो, जिथे सूज एवढी आहे की कोण कोण आहे तेच कळत नाही.

आयएचसीबद्दल थोडं सांगते कारण आमच्या अर्ध्या रिसर्चचा जीव त्यात आहे आणि अर्धा डोकेदुखीत जातो. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटीबॉडी करायची पद्धत काढली म्हणून आज आम्ही एखादं प्रोटीन पेशीत आहे का नाही हे रंगाने बघू शकतो. पण फॉर्मॅलिन प्रोटीन एकमेकांना बांधून टाकतं आणि अँटीबॉडीला ज्या जागी चिकटायचं ती जागा झाकली जाते. १९९१ मध्ये शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सेक्शन मायक्रोवेव्हमध्ये गरम केले की ती जागा पुन्हा मोकळी होते, आणि मग वर्षानुवर्षं कपाटात पडलेले पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे, एकदम सोन्याच्या भावाचे झाले. पण गरम करून सगळंच भरून निघतं असं नाही. टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला, किंवा पडला पण आतडं न उघडताच बरणीत कोंबलं, तर फॉर्मॅलिन आत पोचायला वेळ लागतो, ढोबळमानाने तासाला मिलिमीटर, तोवर मधला भाग सडायला लागलेला असतो. ब्रेस्ट कॅन्सरच्या रिसेप्टर टेस्टसाठी तर नियमच आहे, तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवं आणि ६ ते ७२ तास राहायला हवं. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ई-कॅडहेरिन या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रोटीनचा रंग काही केसमध्ये फिका येत होता, आम्ही खुश की बायोलॉजी सापडली, पण आमची सिनियर टेक्निशियन शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे सगळे ब्लॉक शनिवारच्या लिस्टचे आहेत, बघा." बघितलं तर खरंच. सुट्टीच्या दिवसाआधी आलेले स्पेसिमेन सोमवारी उघडलेले. त्या केस बाजूला काढल्या, आणि तेव्हापासून कुठलाही मार्कर लावताना शेजारच्या नॉर्मल आतड्याच्या पेशी व्यवस्थित रंगल्यात का हे मी आधी बघते, ट्यूमर नंतर.

आता मूळ प्रश्न, या पेशी सुटतात का आणि सुटून करतात काय. इथून पुढे खरी ट्यूमर बायोलॉजी.

मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये एपीसी नावाचं जीन बिघडलेलं असतं, त्यामुळे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन साठत जातं आणि न्यूक्लियसमध्ये जाऊन नको ती जीन्स चालू करतं, असं पुस्तकात शिकलो. पुस्तकाप्रमाणे ट्यूमरच्या सगळ्या पेशींत म्युटेशन तेच, तर सगळीकडे बीटा-कॅटेनिन न्यूक्लियसमध्येच दिसायला हवं. प्रत्यक्षात स्लाइड रंगवली की मध्यभागी ते पेशींच्या कडांवर आणि साइटोप्लाझममध्ये, आणि पुढच्या कडेला, सुट्या पेशींत, मात्र न्यूक्लियस गच्च तपकिरी. ब्राब्लेट्झ आणि त्यांच्या गटाने २००१ मध्ये हे नीट मांडलं आणि पुढे अजून एक गोष्ट दाखवली, की मेटास्टॅसिसमध्ये, म्हणजे दुसरीकडे पसरून झालेल्या गाठीत, परत मध्यभागासारख्या शहाण्या ग्लँड बनलेल्या असतात. म्हणजे पेशी जाताना आपली रचना सोडून गेली आणि पोचल्यावर परत तीच रचना उभी केली. म्युटेशन तर परत येत-जात नाहीत, मग हे आजूबाजूच्या स्ट्रोमाच्या सांगण्यावरून होत असणार. पहिल्यांदा ती स्लाइड आमच्या लॅबमध्ये रंगली तेव्हा मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते, भूलतज्ज्ञसुद्धा सोडला नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून विचित्र वाटली. केआय-६७ हा विभाजन होत असलेल्या पेशींचा मार्कर. मला वाटायचं सगळ्यात वाईट पेशी म्हणजे सगळ्यात जास्त वाढणाऱ्या. बडमध्ये बघितलं तर केआय-६७ बहुतेक ठिकाणी कोराच. मध्यभागी धडाधड विभाजन चाललंय आणि कडेला ज्या पेशींची आम्हाला भीती त्या विभाजन थांबवून सरकण्याच्या मागे. आमच्यासारखंच अनेकांना दिसलंय हे. जो माणूस कॅन्सर म्हणजे फक्त बेसुमार वाढ असं समजून बसलाय त्याला मी ही एक स्लाइड दाखवते.

आजूबाजूचं वातावरण महत्त्वाचं असतं हा विचार जुनाच. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट यांनी ब्रेस्ट कॅन्सरच्या पोस्टमॉर्टेमच्या नोंदी चाळून विचारलं होतं की कॅन्सर ठराविक अवयवांतच का जातो, आणि बियाण्याबरोबर जमिनीचाही विचार करायला हवा असं मांडलं होतं. मला जवळचे वाटतात ते हॅरोल्ड ड्व्होराक, कारण ते आमच्यातले, पॅथॉलॉजिस्ट. ट्यूमरभोवतीच्या रक्तवाहिन्या गळक्या का असतात या साध्या निरीक्षणामागे लागून त्यांच्या गटाने १९८३ मध्ये तो गळकेपणा घडवणारं प्रोटीन दाखवलं, तेच आज व्हीईजीएफ म्हणून ओळखलं जातं, आणि १९८६ मध्ये त्यांनी लिहिलं की ट्यूमर म्हणजे न भरणाऱ्या जखमा. जखमेभोवती जे जे जमतं, फायब्रिन, नव्या रक्तवाहिन्या, फायब्रोब्लास्ट, ते सगळं ट्यूमरभोवती असतं, फक्त थांबत नाही. स्लाइड बघत बघत एवढं लांब जाता येतं हे मला त्यांच्याकडे बघून पटलं.

मग मी बेंचवर गेले. मायक्रोस्कोपच्या माणसाने पिपेट हातात घेतली की बाकीचे संशोधक कौतुकाने बघतात, लहान मुलाकडे बघावं तसं. आम्ही सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, घेतल्या, त्यात एसडब्ल्यू४८० आणि एसडब्ल्यू६२० ही जोडी, एकाच पेशंटची, पहिली मूळ ट्यूमरची आणि दुसरी नंतर लिम्फ नोडमध्ये आलेल्या मेटास्टॅसिसची. वापरण्याआधी एसटीआर प्रोफाइल, म्हणजे डीएनएचा ठसा, काढून ओळख पटवून घेतली आणि यात कोणी आळस करू नये असं माझं ठाम मत आहे. १९६६ मध्येच स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवलं होतं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हीला नावाच्या एकाच जुन्या सेल लाइनच्या पेशी होत्या, आणि तरी नंतर कित्येक दशकं लोक चुकीच्या पेशींवर पेपर लिहीत राहिले.

आमची अडचण मात्र वेगळी होती. प्लास्टिकच्या डिशमध्ये सपाट पसरलेल्या पेशींना ना कड, ना मध्य, ना स्ट्रोमा. बडिंग व्हायला मुळात ज्यातून सुटायचं ते तरी पाहिजे ना. कोलॅजनच्या जेलमध्ये फायब्रोब्लास्टबरोबर वाढवल्या तेव्हा थोडंफार तसं काही दिसायला लागलं, गोळ्याच्या कडेने पेशी बाहेर डोकवायच्या, पण तेही एका बॅचला दिसायचं आणि पुढच्या बॅचला गायब. तिथे मी पीएचडीच्या मुलांकडून चिकाटी शिकले, त्यांना कोणी रोज संध्याकाळी रिपोर्ट सही करून "झालं" म्हणायची चैन देत नाही.

उलट बाजूने, म्हणजे पेशंटच्या स्लाइडमधूनच बड कापून घ्यायचेही प्रयत्न केले. लेझरने सेक्शनमधून हव्या त्या पेशी कापायचं तंत्र १९९६ पासून आहे. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर एकेका बडभोवती रेघ मारायची, लेझर फिरतो, तुकडा नळीच्या झाकणात पडतो, परत पुढचा. ग्लँडमधून हजार पेशी पटकन मिळतात, बडमधून तेवढ्या मिळवायला मान मोडते, आणि शेवटी त्यातून निघणारा आरएनए फॉर्मॅलिनने तुकडे तुकडे केलेला. डीएनएचंही तसंच, फॉर्मॅलिनमुळे सायटोसिन बिघडून सीच्या जागी टी वाचलं जातं आणि नसलेली म्युटेशन दिसतात, थोड्याच पेशी असल्या तर हे जास्तच. आता टिश्यूतल्या जागेसकट कुठलं जीन कुठे चालू आहे ते दाखवणारी नवी तंत्रं आलीत, हेवा वाटतो नव्या मुलांचा.

मधेच टिश्यू मायक्रोअॅरेचा मोह झाला. १९९८ मध्ये हे तंत्र आलं, प्रत्येक ब्लॉकमधून ०.६ मिलिमीटरची सळी काढून एकाच ब्लॉकमध्ये शेकडो केस लावायच्या, एका स्लाइडवर सगळे पेशंट, अँटीबॉडीचा खर्च एकदम कमी. बाकी मार्करना छान. पण बडिंग असतं कडेवर, तेही एका ठराविक जागी, आणि सळी कुठे घुसली त्यावर सगळं अवलंबून. शिवाय ब्लॉकमध्ये भोक पडतं. ब्लॉक हा पहिल्यांदा पेशंटचा असतो, उद्या नवीन टेस्ट आली, नवीन औषध आलं, तर त्या माणसाला तोच लागणार आहे. एथिक्स कमिटीची परवानगी हातात असली तरी शेवटचा उरलेला टिश्यू रिसर्चला वापरायचा नाही हा आमच्या लॅबचा नियम आहे आणि यावरून मी एका चांगल्या सहकाऱ्याशी काही काळ बोलत नव्हते.

बडिंगबद्दलचा सगळ्यात अवघड आक्षेप कोणता माहितीये? स्लाइड म्हणजे चार मायक्रॉनचा काप. त्यात सुटी दिसणारी पेशी वरच्या किंवा खालच्या कापात मूळ ट्यूमरला जोडलेली असू शकते. २०१४ मध्ये लागोपाठचे सेक्शन जोडून थ्री-डी चित्र उभं करणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की खरोखर एकट्या पेशी फार दुर्मिळ, बहुतेक बड हे मूळ ट्यूमरमधून निघालेल्या बारीक बोटांची टोकं. मग आम्ही इतकी वर्षं मोजत होतो ते काय? तर बोटांची टोकंच, पण त्यांचा आकडा पेशंटच्या भविष्याशी जुळतो हे तरी खरंच राहतं. "सुटून निघालेल्या पेशी" असं मात्र मी आता लेक्चरमध्ये बेधडक म्हणत नाही.

आकडेवारीच्या बाबतीत मी कडक झाले. प्रत्येक मार्करला एक असा कटऑफ शोधून काढता येतो की पी-व्हॅल्यू, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा असेल का ते जोखणारा आकडा, झकास येईल, डेटा हातात आल्यावर कटऑफ सरकवत बसलं की झालं. २००५ मध्ये मार्करच्या अभ्यासांचं रिपोर्टिंग कसं करावं याची रिमार्क नावाची मार्गदर्शक तत्त्वं आली ती याच आणि अशा दुखण्यांसाठी. माझ्या विद्यार्थ्यांना मी कटऑफ आधी कागदावर लिहून सही करायला लावते. चिडतात, चिडू देत.

या सगळ्याचा पेशंटला उपयोग काय असं कोणी विचारलं की मी पॉलिपचं सांगते. दुर्बिणीतून काढलेल्या पॉलिपमध्ये कॅन्सर सापडला, खालच्या थरात नुकताच शिरलाय. आता आतडं कापायचं का? अशा लवकरच्या कॅन्सरमध्ये साधारण दहातल्या एखाद्याच्या नोडमध्ये तो पोचलेला असतो, म्हणजे सरसकट सगळ्यांचं ऑपरेशन केलं तर बहुतेकांचं उगाच. अशाच एका केसला आमच्या सर्जनचा फोन.

"मॅडम, त्या पॉलिपचं काय करू? पेशंट पंच्याहत्तरचे आहेत, हार्टही धड नाही."

"सर, मार्जिन मोकळी आहे, रक्तवाहिन्यांत नाही, ग्रेड बरा आहे. पण बडिंग हाय आहे."

"हाय म्हणजे किती?"

"बारा."

"आणि नऊ असते तर?"

"तर इंटरमीजिएट लिहिलं असतं आणि तुमचा फोन तरीही आला असता."

ते हसले, पण प्रश्न रास्त होता. नऊ आणि दहामध्ये पेशीत काही बदलत नाही, रेघ आम्ही मारलीये. केस ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या बैठकीत, गेली, पेशंटना आणि त्यांच्या मुलीला दोन्ही बाजूंचा धोका समजावून सांगितला आणि त्यांनी ऑपरेशन न करता नियमित तपासण्यांचा पर्याय घेतला. मी रिपोर्टमध्ये आता नुसतं "हाय" न लिहिता आकडाही लिहिते, म्हणजे पुढे ठरवणाऱ्याला रेघेपासून किती लांब आहे ते दिसतं.

हल्ली सगळे एआयचं विचारतात. स्लाइड स्कॅन करून स्क्रीनवर बघणं आता रुळलंय, पिक्सेलला पाव मायक्रॉन, एकेक स्लाइड अब्जावारी पिक्सेलची. २०१७ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या लिम्फ नोडमधला मेटास्टॅसिस शोधण्याच्या स्पर्धेचे निकाल आले, त्यात वेळेचं बंधन घातलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टपेक्षा सगळ्यात चांगला अल्गोरिदम सरस ठरला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मोजायचं काम मशीनने नेलं तर मी पेढे... असो, आनंदच आहे. पण बडिंगचा अल्गोरिदम शिकवायला आम्हीच बड दाखवून देतो, आणि आमचंच जिथे जुळत नाही तिथे तो कोणाचं ऐकणार? आम्ही तीन जणांनी स्वतंत्र खुणा केल्या, ज्या जुळल्या नाहीत त्या फेकून न देता वेगळ्या ठेवल्या, आणि आता त्याच मला जास्त उपयोगी वाटतायत, कारण मशीनही नेमकं तिथेच अडखळतं. दुसऱ्या लॅबच्या स्लाइड दिल्या की हेमॅटॉक्सिलिनचा निळा जरा वेगळा असला तरी गडबडतं ते आणखी वेगळंच.

रिसर्चमध्ये यायचं का असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच की रिपोर्टिंग सोडू नका. माझे सगळे बरे प्रश्न रोजच्या ट्रेमधून आलेत, एकही सेमिनारमधून आलेला आठवत नाही. वेळ मिळत नाही हे खरं आहे, रिपोर्ट संपल्यावर जे उरतं त्यातच करावं लागतं, आणि पहिला पेपर परत आल्यावर जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअर दोन नावाच्या प्राण्याबद्दल तुमचं मत आयुष्यभरासाठी ठरतं.

सध्या आमच्यात वाद चाललाय तो गुदाशयाच्या कॅन्सरवरून. ऑपरेशनआधी रेडिएशन आणि केमो दिली की ट्यूमर विरघळत जातो आणि मागे विखुरलेल्या पेशींची बेटं उरतात. दिसायला शंभर टक्के बडिंग. पण या पेशी पुढे सरकत होत्या की नुसत्या मागे उरल्या आहेत? बर्नमध्ये ठरलेले निकष ट्रीटमेंट न झालेल्या ट्यूमरसाठी आहेत, इथे ते लावायला माझा विरोध आहे, माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं की तरीही मोजून नोंदवून तर ठेवू. तो म्हणतो त्यातही तथ्य आहे. म्हणून ट्रीटमेंटच्या आधीची बायोप्सी आणि नंतरचं ऑपरेशन अशा जोड्या लावून बघतोय, बायोप्सीत खोल कड येत नाही त्यामुळे तिथले बड वेगळेच धरावे लागतात, आणि ते कसे मोजायचे यावर परत डबल-हेडेडवर भांडणं सुरू आहेत.